फुटक्या काचेची प्रतिष्ठा

मडगावातील आमच्या शेजारच्या बाई ईस्टरनंतर पवित्र भूमीची यात्रा करून परतल्या, तेव्हा रिवाजाप्रमाणे आळीतील सर्वांसाठी काही ना काही घेऊन आल्या. कोणाला जैतुनाच्या लाकडाची जपमाळ, कोणाला जॉर्डन नदीच्या पाण्याची कुपी. स्वतःसाठी मात्र त्यांनी एक पदक घेतले होते. चांदीच्या कोंदणात बसविलेला, अंगठ्याच्या नखाएवढा काचेचा तुकडा. उजेडात धरला की त्यावर मोरपिसासारखे रंग खेळत. निळा, हिरवा, मध्येच जांभळा. बाईंनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "मास्तर, पळयात, दोन हजार वर्सां पोरनी कांच, खंय!"

त्या 'खंय' मध्ये थोडी शंका होती, पण अभिमान अधिक होता. पदकासोबत एक जाड, गुळगुळीत कागदाचे प्रमाणपत्र होते. ते मी दोनदा वाचले. वस्तू: रोमन काच. काळ: ख्रिस्तोत्तर पहिले ते तिसरे शतक. चांदीचा कस, प्रमाणित करणाऱ्याची सही, ठसा, सारे यथास्थित होते. एवढेच नव्हते की, हा तुकडा कोठे सापडला, कोणी काढला आणि केव्हा काढला. सोनाराकडच्या साध्या पावतीवरही याहून अधिक हकीकत असते. बाईंना मी त्या दिवशी काही बोललो नाही. यात्रेहून आलेल्या माणसाच्या आनंदात विरजण घालणे माझ्याच्याने होत नाही. परंतु त्या कागदावरची रिकामी जागा तेव्हापासून मला स्वस्थ बसू देत नाही, आणि हा लेख त्या रिकाम्या जागेविषयी आहे.

प्राचीन रोमन काचेचे तुकडे चांदीसोन्यात मढवून अंगठ्या, कर्णभूषणे, पदके करण्याचा हा व्यवसाय आज जगभर पसरला आहे. त्याचे मोठे केंद्र इस्राएल. अफगाणिस्तानातून येणाऱ्या 'रोमन' मण्यांच्या माळांचा बाजार त्याला समांतर चालतो. या व्यवसायाची भाषा मोठी सात्त्विक आहे. 'इतिहास अंगावर वागवा', 'कचऱ्यात गेलेल्या वस्तूला नवे जीवन', 'वारशाची जपणूक', असे शब्द त्यात योजलेले असतात. माझे म्हणणे असे की, हा जपणुकीचा धंदा नसून विध्वंसाचा धंदा आहे, आणि जे सुसंस्कृत लोक हस्तिदंताला हात लावणार नाहीत, देवळातून चोरलेली मूर्ती घरात ठेवणार नाहीत, तेच लोक हा तुकडा निःशंक मनाने गळ्यात घालतात, याचे कारण एवढेच की तो लहान आहे आणि फुटलेला आहे.

प्रथम ही काच म्हणजे काय ते पाहू. काचेचे मणी व ओतीव भांडी त्यापूर्वीही शेकडो वर्षे होत असत. पण नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन फुंकर मारायची आणि क्षणार्धात भांडे फुगवायचे, ही कला ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या लेबनॉन, सीरिया, इस्राएल व पॅलेस्टाइन या टापूत जन्मली. वाळू, सोड्याचा नैसर्गिक क्षार आणि वाळूतच मिसळलेल्या शिंपल्यांचा चुना, एवढ्यावर सारा कारभार. क्षार ईजिप्तमधील वादी नत्रून येथून येई. आक्रेजवळ समुद्राला मिळणाऱ्या बेलस नदीच्या, आजच्या नामान नदीच्या, वाळूची ख्याती प्लिनीने आपल्या निसर्गेतिहासाच्या ३६ व्या खंडात सांगितली आहे, आणि त्या किनाऱ्यावर स्वयंपाकाच्या चुलीला दगड न मिळाल्याने क्षाराचे खडे लावणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हातून काच कशी अकस्मात झाली, ही दंतकथाही त्याचीच. कथेवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. चुलीच्या आचेवर काच होत नाही. पण नदी खरी, वाळू खरी, आणि ती नेण्यासाठी जहाजे येत असत हे जोसेफसनेही लिहून ठेवले आहे.

फुंकणीने काय घडविले? तर भांडे स्वस्त केले. स्ट्रॅबो सांगतो की, रोममध्ये काचेचा पेला एका तांब्याच्या नाण्याला मिळे. आपल्याकडे ॲल्युमिनियम आले तेव्हा घराघरांतून जे घडले त्याचीच ही प्राचीन आवृत्ती. सायडनचा एनियन नावाचा कारागीर साच्यात फुंकलेल्या भांड्यांवर आपले नाव उमटवी, आणि त्या नावाची भांडी समुद्रापार दूरदूर पोचली. इ. स. ३०१ मध्ये सम्राट डायोक्लेशनने वस्तूंचे कमाल भाव ठरवून दिले, त्या फर्मानात अलेक्झांड्रियाची काच निराळी आणि ज्यूडियाची हिरवट काच निराळी नोंदली असून दुसरीचा भाव कमी आहे. आणि कार्मेल पर्वताच्या पायथ्याशी, रेल्वेच्या कामापूर्वी केलेल्या उत्खननात, सुमारे १६०० वर्षांपूर्वीच्या काचभट्ट्या सापडल्या, तेव्हा त्या कोरड्या भावपत्रकातील शब्दाला प्रत्यक्ष जागा मिळाली. अशी ही गोष्ट तुकड्यातुकड्यांनी जुळत आली आहे. राजांची नाही, सेनापतींची नाही. तेल, अत्तर, औषध, मद्य ठेवणाऱ्या सामान्य माणसांची आहे, म्हणून मला ती अधिक जवळची वाटते.

आता त्या मोरपंखी रंगाकडे वळू, कारण विक्री त्या रंगाचीच होते. अनेक ग्राहकांची समजूत असते की, रोमन कारागिरांना असा इंद्रधनुषी रंग देण्याची काही लुप्त विद्या अवगत होती. तसे मुळीच नाही. प्लिनी स्पष्ट सांगतो की, सर्वांत मोल स्फटिकासारख्या निर्मळ, रंगहीन काचेला होते. भट्टीतून निघाली तेव्हा या तुकड्यावर मोरपीस नव्हते. शतकानुशतके ओल्या मातीत पडून राहिल्याने पाणी काचेतील क्षार व चुना शोषून घेते. मागे राहतात ते सिकतेचे अत्यंत पातळ पापुद्रे, एकावर एक, कांद्याच्या सालीसारखे. त्या पापुद्र्यांच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग उमटतात. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८६४ साली या विघटित काचेवर सविस्तर निबंध लिहिला. १९६१ साली तर हे पापुद्रे झाडाच्या वलयांप्रमाणे वर्षाला एक या हिशेबाने मोजून काच किती काळ पुरलेली होती हे सांगता येईल, अशी कल्पना पुढे आली होती. ती पुढे टिकली नाही; पण कल्पना सुंदर होती यात शंका नाही.

तात्पर्य, ज्याला आपण सौंदर्य म्हणून विकत घेतो ते त्या काचेचे दुखणे आहे. हे दुखणे नाजूक असते. पापुद्रे कोंड्यासारखे गळतात. संग्रहालयात असे भांडे हाताळताना रक्षक श्वास रोखून धरतो. घाम, साबण, अत्तर, पदराची घासणी, यांतले काहीही त्याला मानवत नाही. आणि आपण काय करतो? तो तुकडा कापतो, कडा घासून अंडाकृती करतो, तापलेल्या चांदीच्या सान्निध्यात बसवितो आणि गोव्याच्या दमट हवेत गळ्यात बांधतो. रंग गळू नये म्हणून त्यावर कधी राळेचा लेप दिला जातो. दोन हजार वर्षे मातीने जे सांभाळले ते दोन पावसाळ्यांत आपण घालवितो. यालाच विक्रेता 'नवे जीवन' म्हणतो! आजारी माणसाच्या गालावरची लाली पाहून त्याला नाचायला उभे करावे, त्यातला हा प्रकार.

येथे कोणी विचारील: असेना का दुखणे, पण या चिमुकल्या तुकड्यात जपण्यासारखे तरी काय होते? लाखो तुकडे भूमीत पडले आहेत. काठ नाही, बूड नाही, पोटाचा एक कपचा. त्यावरून भांड्याचा आकारही ओळखता येत नाही. तो सोनाराने उचलला तर विद्वानांचे काय गेले?

आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो, म्हणून त्याला दाखल्यानेच उत्तर देणे बरे. जेरूसलेममधील ज्यू वस्तीत १९६९ पासून नाहमान अविगाद यांनी उत्खनन केले. तेथे एका जुन्या स्नानकुंडाच्या भरावात त्यांना काचेचा कचरा मिळाला. कचरा हा शब्द मी निंदेने योजीत नाही. तो शब्दशः कचराच होता. वाकड्या झालेल्या नळ्या, थेंब, बिघडलेले गोळे, टाकलेले तुकडे. एकही वस्तू अशी नव्हती की जी कोणी गळ्यात घालावी. परंतु त्याच भरावात अलेक्झांडर यानेअस या राजाची नाणी होती आणि वरून फरसबंदीने सारे बंद झाले होते. त्यावरून हा कचरा ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचा ठरला, आणि काचेच्या नळीचे टोक मिटवून ती फुगविण्याचा प्रयोग येथे चालू होता हे कळले. फुंकलेल्या काचेच्या बाल्यावस्थेचा याहून जुना पुरावा आजवर फारसा कोठे मिळालेला नाही. त्या नळ्या कोणा भुरट्याने काढून बाजारात आणल्या असत्या तर काय झाले असते? त्यांना मिळाले असते ते एक प्रमाणपत्र: रोमन काच, पहिले ते तिसरे शतक.

याहून घरचा दाखला हवा असेल तर पाँपेईचा घ्यावा. १९३८ साली ज्वालामुखीच्या राखेखालच्या त्या नगरात एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. उंची वीतभराहून थोडी अधिक. ती नेपल्सच्या एखाद्या दुकानात मिळाली असती तर तिचे वय ठरविताना पंडितांनी दोनतीन शतकांचा घोळ घातला असता. ती राखेखाली मिळाली म्हणून इ. स. ७९ पूर्वीची, एवढे निर्विवाद. आणि आमच्या मराठवाड्यात तेर व भोकरदन येथे तिच्यासारख्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्या, तेव्हा त्यांच्या कालनिर्णयाला व गोदावरीच्या खोऱ्यातील कारागिरांच्या दूरच्या व्यापाराला एक भक्कम खुंटी मिळाली. मूर्ती बोलत नाही. ती जेथे निजली होती ती जागा बोलते. जागा पुसली की मूर्ती मुकी होते, आणि काचेचा तुकडा तर तिच्याहून मुका.

तेर म्हणजेच तगर. भडोचहून दक्षिणेकडे पैठण आणि त्यापुढे तगर, असा मार्ग 'पेरिप्लस' या ग्रीक नाविकाच्या वृत्तांतात दिला आहे. त्याच वृत्तांतात भडोच आणि मुचिरी या दोन्ही बंदरांत उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची, न घडविलेली काच आहे. बडोद्याच्या वाचकांनी हे ध्यानी घ्यावे की, त्यांच्यापासून पाऊणशे किलोमीटरवरील धक्क्यावर त्या परक्या भूमीची काच गोणीने उतरत होती. पाँडिचेरीजवळच्या अरिकामेडू येथे १९४५ च्या उत्खननात आणि केरळातील पट्टणम् येथे अलीकडे उभ्या कण्यांच्या रोमन काचवाट्यांचे तुकडे मिळाले. त्यांतील बहुतेक तुकडे दिसायला बाईंच्या पदकातील तुकड्याहून काही निराळे नाहीत. शिवाय आता काचेतील सूक्ष्म द्रव्यांच्या पृथक्करणावरून ती ईजिप्तच्या वाळूची की पॅलेस्टाइनच्या किनाऱ्याची, तिचा रंग मँगेनीजने घालविला की अँटिमनीने, हे सांगता येते. त्या कसोटीला काठ लागत नाही आणि बूडही लागत नाही. पोटाचा कपचा पुरतो. म्हणून 'निरुपयोगी तुकडा' ही जातच उरलेली नाही. महाराष्ट्रात मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी मण्यांच्या आणि काचेच्या अशाच क्षुद्र मानल्या गेलेल्या तुकड्यांवर आयुष्य वेचले आणि भारतीय काचेचा इतिहास लिहिला, तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापूर्वी हे तुकडे सोनारांच्या हाती पडते तर तो ग्रंथ कशावर लिहिला असता?

विक्रेत्यांचे दुसरे मोठे अस्त्र म्हणजे कायदा. इस्राएलात परवानाधारक व्यापाऱ्याने पुरातन वस्तू विकणे कायदेशीर आहे, आणि हे खरे आहे. तेथील १९७८ च्या कायद्याने इ. स. १७०० पूर्वीची मानवनिर्मित वस्तू ती पुरातन वस्तू. कायद्यानंतर भूमीत सापडेल ती सरकारची. निर्यातीला लेखी परवानगी. म्हणजे कायदेशीर माल कोणता? जो १९७८ पूर्वीच कोणाच्या तरी संग्रहात होता तो, किंवा कायद्याने परवानगी असलेल्या मार्गाने आला तो. आता वाचकांनी स्वतःच हिशेब करावा. जवळजवळ अर्धे शतक लोटले. दरवर्षी यात्रेकरूंचे थवे येतात, दुकानांतून अंगठ्या-पदके विकली जातात, परदेशी मागणीप्रमाणे पाठविली जातात, आणि तरीही जुना साठा आटत नाही. द्रौपदीच्या थाळीलासुद्धा ती स्वतः जेवली की त्या दिवसापुरता विराम होता. या थाळीला तोही नाही.

ही थाळी कशी भरते हे मोराग केर्सेल या संशोधिकेने दाखवून दिले आहे. व्यापाऱ्याच्या नोंदवहीत वस्तूला क्रमांक असतो. वस्तू विकली जाते, पण ग्राहक निर्यातीचा परवाना मागत नाही, कारण त्याला ते ठाऊकच नसते. मग क्रमांक मोकळाच राहतो आणि तशाच दिसणाऱ्या, काल रात्री कोठल्या तरी थडग्यातून निघालेल्या वस्तूला तो चिकटतो. जुन्या मेलेल्या माणसाच्या नावावर शिधा उचलण्याची युक्ती आपल्याला परकी नाही! २०१६ पासून तेथे संगणकीय नोंदी सक्तीच्या झाल्या, हे योग्यच झाले. पण दिवा किंवा नाणे यांची छायाचित्रासह नोंद होऊ शकते. मूठभर काचेच्या कपच्यांची काय नोंद होणार? कापून, घासून, कोंदणात बसविलेला तुकडा कोणत्या मूळ तुकड्याचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता यावयाचे नाही. रोमन काच या व्यवसायाला इतकी सोयीची आहे ती याच कारणाने.

आणि थडग्यांचा उल्लेख मी सहज केला नाही. अत्तराच्या लांब मानेच्या नाजूक कुप्या अखंड मिळतात त्या मुख्यतः थडग्यांत, कारण तेथे त्या मृताच्या सोबतीला ठेवल्या जात आणि कोणी हलवीत नसे. भुरटा खणतो तो अखंड कुपीसाठी. कुदळीखाली दहा फुटतात, दोन हाती लागतात. पूर्वी फुटलेल्या दहा तो तेथेच टाकून जाई. आज फुटलेल्यांनाही गिऱ्हाईक आहे. सोनार म्हणतो, मी भांडे फोडीत नाही, फुटलेलेच घेतो. खाटकाकडून केवळ कातडे घेणाराही असेच म्हणू शकतो.

अफगाणिस्तान आणि सीरिया यांची गोष्ट याहून भीषण आहे. काबूलच्या उत्तरेस बेग्राम येथे फ्रेंच संशोधक आकँ यांना १९३७ ते १९३९ च्या सुमारास दोन बंद खोल्या मिळाल्या. एकाच छताखाली रोमन काच, चिनी लाखकाम आणि भारतीय हस्तिदंत! मल्लांच्या झुंजी रंगविलेले काचेचे पेले, माशाच्या आकाराच्या कुप्या. युद्धाच्या काळात काबूलचे संग्रहालय लुटले गेले, तरी तेथील कर्मचाऱ्यांनी काही निवडक ठेवा अध्यक्षीय प्रासादातील तिजोरीत लपविला, आणि २००६ पासून तो पॅरिसपासून जगभर दाखविला गेला. त्या कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षे मौन पाळले. त्या मौनाची किंमत काही सामान्य नव्हती. त्याच देशाच्या मातीतून उकरलेल्या मण्यांची माळ आपण 'अफगाण रोमन मणी' म्हणून घेतो तेव्हा त्या मौनाची थट्टा करतो. सीरियातील अपामिया नगराची उपग्रहचित्रे २०११ च्या उन्हाळ्यात घेतलेली आणि पुढच्या वसंतात घेतलेली, अशी शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात शेत आहे. दुसऱ्यात देवी आलेल्या माणसाचा चेहरा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने २०१५ साली सीरियातील पळविलेल्या पुराणवस्तूंच्या व्यापारावर बंदी घातली. पण सीमेपलीकडे गेलेला काचेचा कपचा आपण सीरियाचे असल्याचे कपाळावर लिहून फिरत नाही. दोहीकडची वाळू, दोहीकडचे मोरपीस, आणि प्रमाणपत्र एकच.

आता विरुद्ध पक्षाची जी बाजू मला खरोखर अडविते ती सांगतो. पहिली अशी की, रोमन लोक स्वतःच काचेचा पुनरुपयोग करीत. मार्शल कवीने टायबरपलीकडच्या वस्तीतला एक फेरीवाला उल्लेखिला आहे, जो गंधकाच्या काड्या देऊन फुटकी काच घेई. आपल्या बोहारणीचाच तो रोमन भाऊ. दुसऱ्या-तिसऱ्या शतकात उत्तर इटलीच्या ग्रादो गावाजवळ बुडालेल्या जहाजात, ज्याला आज यूलिया फेलिक्स म्हणतात, वितळविण्यासाठी नेलेल्या फुटक्या काचेचे एक पिंप सापडले. सुमारे १४० किलो, ११,००० हून अधिक तुकडे. मग त्यांनी केले ते आपण केले तर दोष काय? दोष असा की, त्यांच्या हाती ती कालची काच होती आणि पेला मोडून पुन्हा पेला होत होता. आपल्या हाती ती एकमेव साक्ष आहे. ते पिंप १९८६ नंतर शास्त्रज्ञांच्या हाती पडले म्हणून रोमन काचेच्या भंगाराचा व्यापार आपल्याला समजला. दागिने करणाऱ्याच्या हाती पडते तर ११,००० पदके झाली असती, आणि समजले काहीच नसते.

दुसरी बाजू आमच्याच घरातील आहे. आमच्या आजीच्या गळ्यातील पुतळ्यांची माळ हे दुसरे काय होते? व्हेनिसची सोन्याची नाणी आमच्या किनाऱ्यावर व्यापारात आली, स्त्रियांनी ती ओवली, आणि पुढे आमच्या सोनारांनी तशाच घडविल्या. त्याही आधी सातवाहनकाळी रोमन नाण्यांना कड्या लावून, त्यांच्या मातीच्या प्रतिकृती करून लोकांनी ती अंगावर वागविली. हे मी नाकारीत नाही. उलट त्याचा मला अभिमान आहे. पण ती नाणी कोणी थडगी फोडून आणली नव्हती. ती जहाजातून उतरली, मिरीच्या आणि कापडाच्या बदल्यात हातातून हातात आली, सासूकडून सुनेकडे गेली. त्या माळेची हकीकत घरात कोणालाही विचारा, तो सांगेल: ही अमक्या आजेसासूची, तमक्या लग्नातली. बाईंच्या पदकाला सासू नाही. ते एका दुकानात जन्मले आहे.

तिसरा आक्षेप मात्र माझ्या बाजूच्या लोकांना टोचावा असा आहे, आणि तो मी झाकून ठेवणार नाही. संग्रहालयांच्या तळघरांत खोकीच्या खोकी पडून असतात. उत्खनने होतात, अहवाल छापले जात नाहीत. खणणारा निवृत्त होतो, त्याच्या नोंदवह्या वाळवी खाते. मग या काळकोठडीपेक्षा गळा काय वाईट, असे दागिनेवाला विचारतो तेव्हा पंडितांनी मान खाली घालावी हे बरे. तरी फरक राहतोच. खोक्यावर चिठ्ठी असते. शंभर वर्षांनी का होईना, कोणी विद्यार्थिनी ती चिठ्ठी वाचील.

बनावट मालाचीही गोष्ट येथे निघाली पाहिजे, कारण जाणते ग्राहक तिलाच भितात. नव्या काचेवर आम्ले व धातूंच्या क्षारांची प्रक्रिया करून असे रंग आणता येतात, आणि ते काही गुपित नाही. अमेरिकेतील टिफनी याने पुरलेल्या प्राचीन काचेचे सौंदर्य पाहून तापलेल्या काचेला धातुक्षारांच्या वाफा दिल्या, 'फाव्रील' या नावाने १८९४ साली आपली काच नोंदविली, आणि तिच्यावर स्वतःचे नाव घातले. मी तर म्हणतो, बाईंचे पदक बनावट निघाले तर मला आनंदच होईल! फसवणूक झाली असेल ती चार डॉलरांची. कोणाचे थडगे तरी वाचले असेल. मोरपीस आवडते तर ते आजच्या कारागिराकडून उघडपणे विकत घ्यावे. फुंकणीची कला मेलेली नाही. हेब्रॉनमध्ये आजही भट्ट्यांसमोर बसून काच फुंकणारी घराणी आहेत, आणि त्यांची भांडी पेल्याला पेला म्हणून विकली जातात. त्यांच्या घामाला दोन हजार वर्षांचे प्रमाणपत्र लागत नाही.

हे सारे परदेशचे पुराण आम्हांस कशाला, असे विचारणाऱ्यांनी एकदा पावसाळ्यानंतर तेरच्या पांढरीवरून चालून यावे. नांगरटीने वर आलेले मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे पायांखाली येतात. तेथील लामतुरे यांनी ते वेचून जपले म्हणून गावात आज संग्रहालय उभे आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४४-४५ च्या सुमारास समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती आणि रोमन भांडी निघाली. बेळगावच्या वेशीवर वडगाव-माधवपूर येथे सातवाहनकालीन वसाहत मातीखाली आहे आणि तिच्यावर आज घरांच्या ओळी चढत आहेत. आपला १९७२ चा कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला पुरावस्तू मानतो आणि खाजगी माणसाला ती परदेशी पाठवू देत नाही. पण कायद्याच्या पुढे रुची धावते. जेरूसलेमच्या काचेला चांदीचे कोंदण मिळाले, तर तेरच्या मण्याला मिळावयास किती दिवस लागतील? जो दलाल पांढरीवर येईल तोही 'वारसा जपतो' असेच म्हणेल, आणि खुरपणीला आलेल्या बाईच्या ओंजळीत चार नोटा ठेवील. तिला मी दोष देणार नाही. शहरातील त्या सुविद्य गिऱ्हाइकाला देईन, जे त्या मण्याला किंमत आणते.

गेल्या रविवारी बाई मासनंतर आमच्या ओसरीवर बसल्या होत्या. पदक गळ्यात नव्हते. मी इकडेतिकडे काही छापणार आहे असे त्यांच्या कानावर गेले असावे, कारण त्यांनी स्वतःच विषय काढला. मी जे वर लिहिले तेच, पण बरेच मवाळ करून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. रागावल्या नाहीत, किंचित खट्टू झाल्या. मग विचारले, "हाचें हांवें आतां कितें करचें?"

परत पाठविण्याला अर्थ नव्हता. कोणाला पाठविणार, कोठे? मी म्हटले, बाई, ते प्रमाणपत्र आणा. त्याच्या पाठीमागे दुकान कोणत्या गल्लीत होते, कोणत्या तारखेला घेतले, दुकानदार काय म्हणाला, किती पैसे दिले, सारे लिहून ठेवा आणि कागद पदकासोबतच राहू द्या. तिच्या आधीचे गेले ते गेले. त्यांनी चष्मा लावला, माझ्याकडून पेन मागून घेतले आणि आठवून आठवून रोमी लिपीतल्या कोंकणीत सात ओळी लिहिल्या. दुकानदाराचे बोलणे आठवताना मध्येच थांबल्या. त्याला त्यांनीही विचारले होते म्हणे, काच कुठली म्हणून. तो हसला होता आणि त्याने हाताने खिडकीबाहेर सगळीकडे दाखविले होते. तेही त्यांनी लिहिले.